नाळे बा

12 एप्रिल 2024, शुक्रवार

नाट्यशिबिराचा पहिला दिवस. पंचवीस मुलं येतील म्हणून पंचवीस खुर्च्या मांडल्या. आली एकोणीस, आणि खुर्चीवर एकही बसलं नाही. काल ईद झाली, त्यामुळे तिघींच्या हातांवरची मेंदी ताजी. बेंगळुरात जे. पी. नगरच्या पलीकडे, मोठ्या इमारतींच्या कुंपणभिंतीला टेकून वाढलेल्या वस्तीतला हा समाजमंदिराचा हॉल. पत्र्याचं छप्पर, दोन पंखे, त्यांतला एक चालतो. मुलं नऊ ते सोळा वर्षांची. घरी तमिळ किंवा तेलुगू, शाळेत कन्नड, गल्लीत दखनी. मराठी फक्त माझी आणि माझ्या पेटीची.

दिग्दर्शक तिशीचा, हेग्गोडूला निनासम या नाट्यसंस्थेत वर्षभराची पदविका करून आलेला. मुलं त्याला अण्णा म्हणतात, म्हणून मीही. मला ‘मिस’. साठी उलटल्यावर मिस झाले.

अण्णाने आज काही शिकवलं नाही. डोळे मिटायचे आणि सकाळी जाग आली तेव्हा कानावर पहिला पडलेला आवाज तोंडाने काढायचा, एवढंच. एक जण कुकर झाला, एक मशिदीवरचा भोंगा, एक आजोबांचा खोकला. अकरा जणांनी एकच आवाज काढला: टँकर मागे घेताना वाजणारी ती टुंई टुंई.

13 एप्रिल, शनिवार

अण्णा म्हणाला, विषय चालत आला. खरंच आहे. मार्चपासून या शहरात दुसरं बोलणं नाही. सुमारे 14,000 सरकारी बोअरवेलांपैकी 6,900 आटल्या असं खुद्द उपमुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर 5,000 रुपये दंड. कावेरी इथून शंभर किलोमीटरवर, तीही खालच्या अंगाला. तिचं पाणी पंपांनी चढवत आणायचं. आमच्या अपार्टमेंटमध्ये टँकरच्या भावावरून व्हॉट्सॲपवर भांडणं चालतात. इथे वस्तीत टँकर येतो तेव्हा मोठ्या मुली शाळा बुडवून रांगेत उभ्या राहतात.

शिवाय शिबिराला पैसे देणाऱ्या कंपनीच्या फॉर्मात एक रकाना आहे: ‘सामाजिक संदेश’. तो भरल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. अण्णाने लिहिलं, ‘पाणी’. मी घरी येऊन पाण्यावरच्या गाण्याला चाल लावत बसले. बरी झाली. बरी म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात खपेल इतपत.

15 एप्रिल, सोमवार

गाणं पहिल्या कडव्यातच पडलं. मुलं म्हणत होती, पण भिंतीकडे बघून. मग पुढचा दात पडलेली, नऊ-दहा वर्षांची एक चिमुरडी उठली आणि अण्णाला स्वच्छ म्हणाली, “नीरु बेडा, देव्वा बेकु.” पाणी नको, भूत हवं.

सगळा हॉल ‘देव्वा बेकु’ करत नाचायला लागला. अण्णा माझ्याकडे बघायला लागला. मी पेटीचा भाता बंद केला.

17 एप्रिल, बुधवार

रामनवमी. इथे आजच्या दिवशी मांडव घालून रस्त्यावर पानक आणि कोसंबरी वाटतात. गुळाचं, वेलदोडा-सुंठ घातलेलं पानक मुलांनी तीन-तीन मांडवांतून पिऊन घेतलं, आणि तालमीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मलाही विचार करायला वेळ मिळाला.

लहानपणी मुंबईत ‘अलबत्या गलबत्या’ पाहिलं. दिलीप प्रभावळकरांची चेटकीण विंगेतून आली तशी मी आईच्या पदराआड गेले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा नेलं नाही म्हणून जेवले नाही. ते नाटक रत्नाकर मतकरींचं. सुधा करमरकरांच्या ‘मधुमंजिरी’पासून, म्हणजे 1959 पासून मराठीत मुलांच्या रंगमंचावर राक्षस, पऱ्या, चेटकिणी नांदल्या. पुढे 1986 साली मोहन आगाशे यांनी बर्लिनचं ग्रिप्स थिएटर पुण्यात आणलं आणि मोठी माणसं मुलं होऊन घरातल्या-शाळेतल्या गोष्टी बोलायला लागली. आणि 2014 साली याच मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला: वस्तीतल्या मुलांनी आपले विषय आपणच शोधायचे, आपणच रचायचे आणि आपणच उभे करायचे.

शेवटच्या गोष्टीचा मला फार आदर आहे. पण तिची वरवरची नक्कल हल्ली जागोजाग होते, त्यात मीही आले. वस्तीतल्या मुलांचं शिबिर म्हटलं की दारू पिणारा बाप, कचरा, पाणी. जयनगरात फी भरून येणाऱ्या मुलांना कुणी ‘सोसायटीच्या मेंटेनन्सवर नाटक करा’ म्हणत नाही. त्यांना समुद्री चाचे मिळतात, वाघ-सिंह मिळतात. या मुलांनी मात्र पहाटे रांगेत उभं राहायचं आणि संध्याकाळी आम्हाला ती रांग पुन्हा करून दाखवायची, म्हणजे आमचा रकाना भरेल. मतकरी ‘आपले विषय’ म्हणाले होते. भूत हा त्या चिमुरडीचा विषय नाही असं ठरवणारे आम्ही कोण?

अण्णाला फोन करून एवढंच सांगितलं, की गाणं मी मागे घेते.

20 एप्रिल, शनिवार

मुलांना नाटक दाखवायला रंगशंकराला नेलं. तिथे नाटक सुरू झाल्यावर दार उघडत नाही, मग तुम्ही कुणीही असा. म्हणून दीड तास आधी निघालो आणि सव्वा तास आधी पोचलो.

वाटेत एका रिक्षाच्या मागच्या काचेवर कन्नड नट शंकर नागचं चित्र दिसलं. सगळ्यांना नाव ठाऊक. त्याचा रिक्षावाल्यावरचा सिनेमा ‘ऑटो राजा’ 1980 चा, तो माणूस 1990 साली अपघातात गेला, तेव्हा यांचे आईबाप शाळेत असतील. ‘त्या रिक्षावाल्याचंच हे थिएटर’ म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसेना. बांधलं अरुंधती नाग यांनी, नवऱ्याच्या आठवणीसाठी. सरकारी जागा, देणग्या आणि बरीच वर्षं खर्ची घालून ते 2004 साली उभं राहिलं. दोघंही मुंबईच्या रंगभूमीवर वाढलेली. शंकर नाग मूळचे होन्नावरकडचे. त्याच होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी 1842 च्या सुमारास सांगलीला खेळ करायला आली होती असं सांगतात. ते पाहून पटवर्धन सरकारांनी विष्णुदास भाव्यांना तसंच काही मराठीत करायला लावलं आणि 1843 साली ‘सीतास्वयंवर’ झालं. म्हणजे आपण कर्कीकडून उसनं घेतलं होतं. हे मी अण्णाला फार अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, “मग परत कधी करताय?”

नाटकाला मुलं चिडीचूप. मध्येच एकाने माझ्या कानात विचारलं, “मिस, त्यांना आपण दिसतो का?” नंतर बाहेर कट्ट्यावर बसून इथल्या कँटीनचा साबुदाणा वडा खाल्ला. बेंगळुरात मला माहेरी गेल्यासारखं वाटायची ती एक जागा.

23 एप्रिल, मंगळवार

भूत ठरलं. कुठलं भूत, यावर दोन दिवस मारामारी. शेवटी एकाची आजी कामी आली. नव्वदीच्या दशकात इकडे अफवा होती, की रात्री एक चेटकीण दार वाजवते, ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारते, आणि दार उघडणारा मरतो. उपाय म्हणून लोकांनी दारांवर खडूने लिहून ठेवलं: ‘नाळे बा’. उद्या ये. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या रात्री येते, पुन्हा वाचते. वाचता येणारी आणि लिहिलेलं पाळणारी चेटकीण. असं शिस्तीचं भूत माझ्या माहितीत दुसरं नाही.

मुलं ते रचायला लागली. दाराशी चेटकीण, आत घर. तेवढ्यात चौदा वर्षांचा तो उंच मुलगा, जो आजवर कोपऱ्यात बसून नखं खात होता, म्हणाला, “टँकरवालासुद्धा हेच म्हणतो. नाळे बा.”

कुणी हसलं नाही. अण्णाने वहीत लिहून घेतलं आणि चहा सांगितला.

26 एप्रिल, शुक्रवार

मतदान. शेजारच्या शाळेत केंद्र, म्हणून आमच्या हॉलला कुलूप. मी बोटाला शाई लावून चेटकिणीचा झगा शिवून घ्यायला चिक्कपेटेच्या बाजूला गेले. शिंपी भावसार, घरी मराठी बोलणारे. “आमी शहाजीराजांच्या वक्तापासून इथं,” म्हणाले. बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं हे खरं, बाकी हिशेब त्यांचा त्यांच्याजवळ. झगा कशाला म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. कातरी थांबली. त्यांच्या आईनेही दारावर लिहिलं होतं. कानडीत लिहिलं, कारण चेटकीण मराठी वाचेल की नाही याची खात्री नव्हती. शिलाई शंभर रुपये कमी घेतली.

28 एप्रिल, रविवार

पारा 38 च्या वर. पत्र्याखाली तालीम अशक्य. पिंपळाखाली पारावर घेतली.

3 मे, शुक्रवार

संध्याकाळी ढग आले आणि रंगीत तालमीच्या मधोमध पाऊस. एवढ्या महिन्यांनी पहिला. मुलं चेटकिणीसकट रस्त्यावर. झगा भिजून काळा रंग उतरला, चेटकिणीचे पाय जांभळे. पाण्यावर नाटक आणि पाण्यानेच घात, असं मी म्हणणार होते, पण अण्णा म्हणाला की मिस, छप्पर गळतंय, आधी पेटी उचला.

5 मे, रविवार

प्रयोग. दीडशे माणसं, खुर्च्या पंचवीस. टँकरसाठी पडदा नाही, काही नाही. अकरा मुलं एका रांगेत मागे मागे चालत येतात, टुंई टुंई करत. बायका हसून लोळायच्या बाकी.

शेवट मुलांनी ठरवलेला. टँकरवाला रांगेला ‘नाळे बा’ म्हणून निघून जातो. रात्री दारावर थाप. चेटकीण (तीच, दात पडलेली) दारावरचं लिहिलेलं वाचते, परत जायला वळते, आणि आत घरात रिकाम्या बिंदिग्या, म्हणजे पाण्याच्या घागरी, बघून थबकते. मग सगळ्या उचलते, डोक्यावर, कमरेवर, दोन्ही काखांत, आणि विंगेत जाते. अंधार. आतून पाणी ओतल्याचा आवाज. सकाळी घरची माणसं दार उघडतात तर बिंदिग्या भरलेल्या. भीतीने कुणी हात लावत नाही. मग सगळ्यांत लहान मुलगा पुढे होऊन ओंजळीने पितो.

इथे मुलाने प्रत्यक्षात तांब्याभर पाणी पिऊन संपवलं, कारण उकाडा होता. प्रेक्षकांतून त्याची आई ओरडली, “पुरे रे, बाकीच्यांना ठेव!”

कंपनीचे दोघे आले होते. फोटो झाल्यावर त्यांनी अण्णाला विचारलं, यातला संदेश काय? अण्णाने माझ्याकडे बोट दाखवलं. मला कन्नड येत नाही असं मी इंग्रजीत सांगितलं.

6 मे, सोमवार

बिंदिग्या परत करायच्या होत्या. वस्तीतल्या घरांतून बारा आणल्या होत्या, खाली तेलरंगाने ज्याची त्याची खूण. घरोघर फिरून बाराच्या बारा पोचत्या केल्या. हॉलमध्ये येऊन बघते तर कोपऱ्यात एक हिरवी अजून उभी. खूण नाही, आणि कुणाचीच नाही म्हणतात. मुलांच्या मते ती कुणाची आहे हे उघड आहे, आणि तिला हात लावायला कुणी तयार नाही. पेटीबरोबर रिक्षात घालून घरी आणली.