ग्लेनगॅरीहून दोन पत्रं

विल्यम्सटाउन, ऑन्टारिओ

ती. काकांस सा. न.

ओटावा आणि माँट्रियलच्या मध्ये, क्वेबेकच्या हद्दीला खेटून ग्लेनगॅरी काउंटी आहे. मक्या-सोयाबीनची शेतं, दुभत्या गायींचे गोठे आणि मॅकडोनेल, मॅकडोनाल्ड, मॅकमिलन ही आडनावं. एकाच नावाची माणसं इतकी, की पूर्वी टोपणनावाशिवाय पत्ता लागत नसे.

डोंगर औषधालाही नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले हे लोक इथं आले ते हौसेनं नव्हे. १७७३ मध्ये ‘पर्ल’ जहाजातून त्यांची पहिली तुकडी न्यूयॉर्ककडच्या मोहॉक खोऱ्यात कुळं म्हणून उतरली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ही मंडळी इंग्लंडच्या राजाकडून लढली, हरली आणि जमिनींना मुकली. १७८४ मध्ये सरकारनं सेंट लॉरेन्सच्या उत्तरेचं जंगल त्यांना वाटून दिलं. ते जंगल ओसाड पडलेलं नव्हतं. नदीकाठी ॲक्वेसास्नेचे मोहॉक तेव्हाही होते, आजही आहेत. वारशाच्या गोष्टी रंगवताना हे वाक्य बहुधा गळतं.

पुढे भावकी भावकीला ओढत राहिली. १७८६ मध्ये नॉयडार्टहून एक पाद्री सुमारे पाचशे माणसं घेऊन आला.

गावातलं एक जुनं घर सोलापूरकरांनी मुद्दाम पाहावं असं आहे. रेव्हरंड जॉन बेथून यांचं हे घर. १८१५ मध्ये ते वारले आणि घर डेव्हिड थॉम्पसन यांनी घेतलं. पश्चिम कॅनडाचा मोठा भाग पायी आणि होडीनं मोजणारे नकाशाकार ते हेच. पण आपला धागा बेथून यांच्याशी जुळतो. डॉ. नॉर्मन बेथून हे त्यांचे खापरपणतू. चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, रक्तात विष भिनलं आणि १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या इस्पितळाची धुरा १९४१ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी उचलली. शांतारामबापूंच्या चित्रपटानं कोटणीस आपल्याकडे घरोघरी पोचले. त्यांच्या आधीच्या डॉक्टरचं मूळ मात्र इथल्या या घरापर्यंत जातं, हे फारसं कुणाच्या कानावर नाही.

मॅक्सव्हिल

ती. काकांस सा. न.

वाटेत सेंट राफेल्स लागलं. बिशप अलेक्झांडर मॅकडोनेल १८०४ मध्ये आपल्या बरखास्त पलटणीतल्या माणसांमागोमाग इथं आले. हे दगडी चर्च त्यांनीच उभारलं, १८२१ मध्ये. १९७० च्या आगीत छप्पर आणि आतलं सगळं जळालं. भिंती तेवढ्या जपून ठेवल्या आहेत. पुन्हा छप्पर चढवलं नाही, हे बरंच झालं.

मॅक्सव्हिलचे हायलँड खेळ १९४८ मध्ये सुरू झाले. उद्घाटनाला पंतप्रधान मॅकेन्झी किंग आले होते. १९४८ म्हणजे वसाहतीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. तोवर घराघरांतलं गेलिक ओसरत चाललं होतं, तरुण पोरं पश्चिमेकडे निघून गेली होती आणि क्वेबेकची फ्रेंच कुटुंबं शेतं घेत होती. आज शेजारच्या अलेक्झांड्रियात दुकानांतून फ्रेंच सर्रास ऐकू येतं. भाषा गेली, घागरे राहिले, असं कुणी कुत्सितपणे म्हणेल. पण बॅगपाइप शिकायला हिवाळेच्या हिवाळे जातात, त्याला नुसती वेशभूषा कसं म्हणायचं?

केबर नावाच्या खेळात गडी सोललेला झाडाचा ओंडका उभा तोलून धावतो आणि उलटवतो. किती लांब पडला याला महत्त्व नाही. वरचं टोक जमिनीवर आपटून ओंडका फेकणाऱ्यासमोर सरळ, घड्याळातल्या बाराच्या दिशेला पडला पाहिजे.

खरी गर्दी पाइप बँडना. उत्तर अमेरिकेची अजिंक्यपद स्पर्धा इथंच होते. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये आपल्या पलटणी वाजवतात तेच वाद्य. इथं मात्र कडक परीक्षा असते. बँड गोल करून, तोंडं आत करून वाजवतो आणि परीक्षक वह्या घेऊन भोवती फिरतात. लांबून आलेल्या श्रोत्यांना दिसतात त्या वादकांच्या पाठी. तक्रार कुणी करत नाही.

कळावे,
तुमचा पुतण्या