गाडी पिकअप घेत नाही

‘काका, गाडी पिकअप घेत नाही.’ गॅरेजात दिवसभर कानावर पडणारं हे वाक्य. त्याचा अर्थ काहीही निघू शकतो. पेट्रोल कमी येत असेल, प्लग कमजोर असेल, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील, क्लचप्लेट सरकत असेल, ब्रेक धरून बसला असेल, नाही तर टायरात हवाच नसेल. मिस्त्रीचा हात मात्र आधी कार्बोरेटरकडे जातो. कार्बोरेटर बाहेर असतो, त्याला स्क्रू असतो आणि स्क्रू फिरवला की इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. आवाज बदलला की काहीतरी काम झालं, असं गिऱ्हाइकालाही वाटतं आणि मिस्त्रीलाही. या धंद्यात इतकी वर्षं काढून माझं एक मत मात्र पक्कं झालंय: पाना जिथं सहज पोचतो, तिथंच बिघाड असेल असं नाही.

हे मत पक्कं व्हायला माझं गावही कारणीभूत आहे. डोणगाव मेहकर तालुक्यातलं. जालना, सिंदखेडराजा, मेहकर करत मालेगावकडं जाणाऱ्या जुन्या नागपूर रोडवरचं. नेहमीच्या गाड्यांचे चेनसेट, क्लचप्लेटा, केबली इथं मिळतात. जरा वेगळा पार्ट लागला की मेहकर गाठायचं, तिथं नसला तर अकोला. म्हणजे माणसाचा दिवस गेला, वर एसटीचं भाडं. एवढं करून आणलेला पार्ट कामाचा निघाला नाही, तर तो परत कोण घेणार? शहरात ‘हा टाकून बघू, नाही तर तो टाकू’ असं चालून जातं. आमच्याकडं आधी ठरवावं लागतं, मग आणावं लागतं. खरिपात तर सोयाबीनची फवारणी ऐन भरात असताना पंप बंद पडतो, आणि शेतकरी दारात उभा राहूनच दुरुस्ती मागतो. अंदाजावर काम करायची चैन इथं परवडत नाही.

अशा गॅरेजात एकदा छोटा हत्ती टेम्पोतून गो-कार्ट उतरली. गावातल्याच दोन पोरांनी ती भंगाराच्या भावात उचललेली. कुठल्याशा कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची गाडी, वर्कशॉपमागं गंजत पडलेली. माझ्याकडं येण्याआधी तिच्यावर बरेच हात पडले होते: कार्बोरेटर नवा, प्लग नवा, चेनही नवी. तक्रार जुनीच. ‘काका, रेस देली की आवाज वाढते, गाडी नाई वाढत. मधातच कडकड करते. अन् वळनावर मिसिंग मारते.’

गो-कार्ट पाहून गल्लीतली पोरं जमली, पण मला ती फार परकी वाटली नाही. पहिली गो-कार्ट १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं केली. रेसच्या गाड्या बांधणारा हा कारागीर. त्यानं लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडला आणि त्यावर गवत कापायच्या यंत्राचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं. म्हणजे मूळ बघायला गेलं तर आमच्या फवारणी पंपाची भावकीच. कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या कार्ट पळाल्या आहेत, तसल्या कार्टची इंजिनं खास कार्टसाठी घडवलेली असतात. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या खिशाला ती कुठून झेपणार? ती बहुधा मोटरसायकलचं १२५ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन उचलतात. या कार्टलाही तेच होतं.

मोटरसायकलचं इंजिन कार्टवर चढवलं की त्याचं घर बदलतं, आणि बिघाडही त्या घराप्रमाणे बदलतात. मोटरसायकलवर समोरून येणारा वारा इंजिनाच्या फिनांवर थेट बसतो. कार्टमध्ये ते चालवणाऱ्याच्या पाठीमागं दडतं आणि लवकर तापतं. टॅपेट आवळून बसवलेले असतील, तर थंड असताना पहिल्या किकला चालू होणारं इंजिन गरम झाल्यावर दम सोडतं, कारण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. दुसरी गोष्ट कलण्याची. मोटरसायकल वळणावर कलते, त्यामुळं कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल वाटीच्या मानानं सपाटच राहतं. कार्ट कलत नाही. पेट्रोल एका बाजूला चढतं, फ्लोट फसतो आणि इंजिनाला कधी जास्त तर कधी कमी पेट्रोल मिळतं. पोरांचं ‘वळणावर मिसिंग’ इथून सुरू होत होतं.

तिसरी गोष्ट मागच्या एक्सलची. कार्टला डिफरन्शियल नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच सलग एक्सलवर घट्ट, त्यामुळं ती एकाच वेगानं फिरणार. वळताना आतलं चाक किंचित उचललं गेलं नाही तर गाडी वळायलाच तयार होत नाही, आणि ते उचललं जावं म्हणून सांगाडा वाकावा लागतो. शॉकअब्सॉर्बरही नाहीत, दणके खायचं कामसुद्धा सांगाड्याकडंच. कार्टचा सांगाडा लवतो, तो लवावाच लागतो. पण त्याच्यावर आवळलेली प्रत्येक गोष्ट त्यापायी रोज थोडी थोडी हलवली जाते.

मी पहिल्यांदा चेन काढली. चेन निघाली की गाडीचे दोन तुकडे होतात: एकीकडं इंजिन, दुसरीकडं एक्सल. दोघांना वेगवेगळं विचारता येतं. इंजिन चालू केलं. रेस झटक्यात घेतली, सोडल्यावर जागेवर आलं. पण भार नसलेलं इंजिन खोटं बोलू शकतं, म्हणून तेवढ्यावर सोडलं नाही. प्लग काढून पाहिला, रंग विटकरी, म्हणजे जळण बरोबर. किक हातानं दाबली, कॉम्प्रेशन चांगलं लागलं. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक तपासलं. ते बुजलं की टाकीत हवा जात नाही, पेट्रोल थांबतं आणि लोक कार्बोरेटर बदलत बसतात. भोक मोकळं होतं. मग मागची बाजू विटांवर उचलून एक्सल हातानं फिरवला. तो सुळकन फिरला, म्हणजे ब्रेक धरत नव्हता आणि बेरिंगही ठीक होती.

आता राहिला मधला भाग. चेन चढवली, ब्रेक दाबून धरायला सांगितला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन गुदमरून बंद पडलं. क्लच सरकत असता तर ते चालूच राहिलं असतं. आवाज वाढतो, गाडी वाढत नाही आणि क्लच तर धरतोय. म्हणजे घसरतंय ते चेनवर. पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्यापर्यंत सुतळी ताणून पाहिली. रेषा सरळ. चेनचा ढिलेपणाही बेताचा. उभी असलेली गाडी निर्दोष होती.

म्हणून एका पोराला सीटवर बसवलं. पहिला गिअर, ब्रेक दाबलेला, थोडी रेस आणि क्लच अर्धा. मी खाली पडून चेनकडं पाहत होतो. जोर आला तशी खालच्या बाजूची चेन लोंबली, एकदा कड् वाजलं, आणि इंजिनाची पट्टी केसभर मागं सरकली. बॅटरी मारली तर बोल्टाच्या वॉशरभोवती रंग उडून चंद्रकोरीसारखी चकचकीत रेघ उमटलेली. चेन ताणता यावी म्हणून पट्टीला लांबट भोकं ठेवलेली. बोल्ट बारीक, वॉशर पातळ. माणूस बसला की सांगाडा लवायचा, जोर आला की चेन इंजिनालाच एक्सलकडं ओढायची, बोल्ट भोकात सरकायचे आणि चेन दातांवरून उडी मारायची. पोरं दर वेळी चेन ताणून बोल्ट आवळत, दोन फेऱ्यांत ती पुन्हा ढिली. त्यात चेनला ग्रीस थापलेलं, त्यावर आमच्या काळ्या मातीची धूळ. दोन्ही मिळून दात घासणारा मसाला तयार. नवी चेन टाकूनही स्प्रॉकेटचे दात वाकडे का झाले, हे मग सांगावं लागलं नाही.

काम तसं किरकोळ. जाड पट्टीचे वॉशर, चांगल्या ग्रेडचे बोल्ट, आणि इंजिन मागं येऊच नये म्हणून पट्टीला टेकणारा एक आडवा बोल्ट शेजारून वेल्डिंग करून घेतला. घासलेलं स्प्रॉकेट तेवढं बदललं. चेन रॉकेलनं धुऊन तेलाचं बोट फिरवलं आणि वरचं पुसून काढलं. कार्बोरेटर तिरका बसला होता, तो सरळ केला. जोरात वळवली तर थोडं मिसिंग राहील, तो मोटरसायकलच्या कार्बोरेटरचा स्वभावच आहे, हेही सांगितलं.

बिलाच्या शेवटच्या ओळीवर पोरानं बोट ठेवलं. ‘काका, तपासनीचे कायचे पैसे? नवं तर एक स्प्रॉकेट अन् दोन बोल्टच टाकले ना!’

त्याचंही बरोबर. आपल्याकडं वस्तू दिसली की पैसे सुटतात. जुना पार्ट हातात ठेवला, नव्याचा डबा दाखवला, की गिऱ्हाईक समाधानानं जातं. बिघाड कुठं नाही हे शोधायला गेलेला वेळ कोणाला दाखवणार? म्हणून मिस्त्रीही शिकतो: निदानाचे पैसे मागून वाद घालण्यापेक्षा नवा कार्बोरेटर विकलेला बरा. पोरांनी आधी घातलेले पैसे असेच गेले होते, आणि त्यात एकट्या मिस्त्रीला लबाड म्हणून भागणार नाही. ती सवय त्याला गिऱ्हाइकानंच लावली आहे.

तपासणीची ओळ मी बिलातून काढत नाही. घासाघीस करायची तर वेल्डिंगवर करा.