एकच पाय सुजला तर?

मैत्रिणींनो, बाळंतिणीचे पाय सुजले की आपल्याकडे कुणी फारसे मनावर घेत नाही. "उतरेल हो चार दिवसांत!" म्हणून मोकळे होतात. रक्तदाब ठीक असेल तर दोन्ही पायांची सूज बहुधा उतरतेही. पण एकच पाय सुजला तर?

माझ्या धाकट्या जावेला माहेरी करणारे कुणी नसल्याने तिचा सव्वा महिना आमच्याकडेच झाला. दहाव्या दिवशी तिचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला, जड झाला, निळसर दिसू लागला. सासूबाई म्हणाल्या, "कोमट तेलाने चांगला चोळा, मोकळा होईल." पण मालीशवाल्या मावशींनी तेलाची वाटी खाली ठेवली. "वहिनी, हा एकच कसा हो सुजला? मी नाही बाई हात लावायची. आधी डॉक्टरांना दाखवा."

त्याच दुपारी डॉप्लर सोनोग्राफी झाली. मांडीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होती! ती सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावरच बेतले असते.

"पण डावाच पाय का?" मी विचारले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्रच काढून दाखवले. दोन्ही पायांकडचे रक्त वर नेणारी मोठी शीर मणक्याच्या उजव्या अंगाला असते. त्यामुळे डाव्या पायाच्या शिरेला ओटीपोटात आडवे जावे लागते, आणि तिथेच उजव्या पायाची धमनी तिला ओलांडून जाते. खाली मणका, वर धमनी, मध्ये बिचारी शीर! बागेतल्या रबरी नळीवर कुणी पाय ठेवावा, तसे. ही ठेवण सगळ्यांचीच. पण काहींची शीर फार दबते आणि आतून पडदे धरतात. १९५७ मध्ये मे आणि थर्नर या डॉक्टरांनी ४३० मृतदेह तपासले, तेव्हा २२ टक्क्यांत असे पडदे सापडले. म्हणून याला मे-थर्नर सिंड्रोम म्हणतात. त्यात गर्भाचा भार, आणि त्या दिवसांत रक्तही लवकर गोठते. म्हणून गरोदरपणातल्या गुठळ्या बहुतेक डाव्याच पायात होतात.

काहींना तर ही मोठी शीर एकाऐवजी दोन असतात! त्याचा त्रास नसतो, पण पोटाचे ऑपरेशन करणाऱ्याला ते ठाऊक हवे. तेव्हा जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका हं.

जावेला गुठळी वाढू न देणारी इंजेक्शने दिली. बाळाला अंगावर पाजणेही चालू राहिले. काहींना शिरेत जाळीची नळी बसवावी लागते, तिला लागली नाही.

तेव्हा लक्षात ठेवा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा गरम लागली, तर चोळू नका, शेकू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखले तर तडक हॉस्पिटल गाठा. आणि तुमच्याकडे येणाऱ्या मालीशवाल्या बाईंनाही हे सांगून ठेवा. बाळंतिणीचा पाय रोज त्यांच्याच हाताखालून जातो.