भाचेबुवांची मोटारसायकल

जालन्याच्या स्थानकावर उतरलो, तो भाचेबुवा समोर हजर! वाकून नमस्कार करता करताच म्हणाले, "मामा, तुम्ही फक्त आईला हो म्हणा."

प्रकरण मला ठाऊक होते. स्वारीला एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागली होती. 'जालना, सोने का पालना' ही म्हण जुनी. पण आजचे जालना ओळखले जाते ते लोखंडी सळया आणि बियाणे यांसाठी. 1964 साली बद्रिनारायण बारवाले यांनी इथे महिको काढली, आणि तेव्हापासून या गावाला बियाण्यांचा नाद लागला तो लागलाच. मात्र बियाण्यांची शेते काही शहरात नसतात. भाचेबुवांना हिंडायचे होते जाफराबाद-भोकरदनकडच्या खेड्यांतून. त्यांतल्या काही गावांना सकाळची एस.टी. चुकली की संध्याकाळपर्यंत पाराखाली बसावे. म्हणजे मोटारसायकल नाही तर नोकरी नाही.

इकडे ताईचे निराळेच. यजमान जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगा एकुलता एक. भिशीचे पैसे तिने काढून ठेवले होते, पण ते देताना तिचा हात मागे येत होता. "तू म्हणशील ती गाडी," असे सांगून तिने सगळा भार माझ्यावर टाकला. माझी पात्रता एवढीच, की मी पंचवीस वर्षे मोटारसायकल चालवली आणि त्यात तीनदा पडलो.

भाचेबुवांच्या मनात भरली होती एक साडेतीनशे सी.सी.ची गाडी. गल्लीच्या टोकाला आली की घरातली भांडी वाजावीत, अशी! तिचे वजन 195 किलो. भाचेबुवांचे 54. शेजारच्या काकांकडे शंभर सी.सी.ची एक साधी गाडी होती, तिचे वजन 112. तिच्याकडे बघून स्वारीने नाक मुरडले. "ही तर दूधवाल्यांची गाडी, मामा!"

मी वाद घातला नाही. एका मित्राची ती जड गाडी एका दिवसापुरती मागून आणवली, काकांची साधी गाडी मी घेतली, दोघांनी शिरस्त्राणे चढवली (ताईने पट्टा दोनदा ओढून पाहिला) आणि राजूरच्या गणपतीला निघालो. गणपतीच्या साडेतीन पीठांत राजूरची गणना होते. नवी गाडी घ्यायची तर आधी त्याच्या कानावर घातलेले बरे.

पहिली परीक्षा जुन्या जालन्याच्या गल्लीतच झाली. कुंडलिकेच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी या शहराची दोन अंगे. जुन्या भागातल्या गल्ल्या घोडा वळेल एवढ्याच रुंद. समोरून हातगाडी आली आणि भाचेबुवांना इंजिन बंद करून गाडी मागे ढकलावी लागली. पायांचे नुसते चवडे जमिनीला टेकत होते. चार पोरे जमली, त्यांतल्या दोघांनी मागून हातभार लावला. मी काही बोललो नाही. नवशिक्याने दुकानात शिरल्यावर आधी हेच करून पाहावे, असे माझे मत आहे. गाडीवर बसून दोन्ही तळवे जमिनीला पुरे टेकतात का, ती एकट्याने मागे घेता येते का, मधल्या स्टँडवर चढवता येते का? इंजिन किती धावते हे त्यानंतर विचारावे. पण दुकानात सगळे पहिल्यांदा तेच विचारतात!

शहर सुटले. दोहों बाजूंना कपाशी आणि सोयाबीन. वाटेत समृद्धी महामार्ग ओलांडला. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला. भाचेबुवांनी गाडी थांबवून त्याच्याकडे असे पाहिले, जसे उपाशी माणसाने हलवायाच्या दुकानाकडे पाहावे. पण त्या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणजे ज्या वेगासाठी ही गाडी घ्यायची, तो वेग दाखवायला जागा कुठे? उरले हे जिल्ह्याचे रस्ते. त्यांवर बैलगाड्या, ट्रॅक्टर, शेळ्या आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी दोन गतिरोधक.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. राजूरच्या अलीकडे एका शेतातून ट्रॅक्टर बाहेर पडला होता आणि त्याच्या चाकांनी काळी माती डांबरावर पसरली होती. मराठवाड्याची काळी माती ओली झाली म्हणजे लोण्यासारखी. भाचेबुवांनी वळणावर पुढचा ब्रेक दाबला. चाक फिरायचे थांबले नाही, त्याला ए.बी.एस. होते, पण वेग मोडता मोडता गाडी कलली. पाय टेकायला गेला तो चिखलात सरकला, आणि गाडी हळूच, अगदी म्हशीसारखी, आडवी झाली.

लागले काही नाही. गुडघा खरचटला, एवढेच. पण गाडी उचलेना! एकदा, दोनदा, तिनदा झाले. घामाघूम पोर माझ्याकडे पाहीना. शेवटी आम्ही दोघे आणि तो ट्रॅक्टरवाला, अशा तिघांनी मिळून ती उभी केली.

राजूरला आरसा बसवायला एका मिस्तरीकडे गेलो. त्याने आरसा बसवता बसवता विचारले, "रानात एकटंच हिंडायचंय का?" भाचेबुवा हो म्हणाले. "मग एकट्यानं उचलता येईल अशी घ्या बघा. ह्या लहान गाडीचं सामान मला झोपेत सापडतं. मोठीचं शहरातून आणावं लागतं."

मामाचे उपदेश जिथे पोचले नव्हते, तिथे मिस्तरीची दोन वाक्ये पोचली. येताना स्वारीने आपणहून काकांची गाडी मागितली, आणि मी ती जड गाडी जपून घरी आणली.

दुकानात गेलो तेव्हा मी एकच गोष्ट पदरची सांगितली. 1 एप्रिल 2019 पासून सव्वाशे सी.सी.पर्यंतच्या नव्या गाडीला जोड-ब्रेक आले आहेत. एक दाबला की दुसऱ्या चाकालाही काही जोर पोचतो. तरी ओल्या मातीत वेग आधीच कमी करायचा. ते काम कोणतेही यंत्र करत नाही. गंमत म्हणजे अशा लहान गाड्यांचे घर इथून फार लांब नाही. वाळूजचा बजाजचा कारखाना 1985 सालचा. त्याच वर्षी हिरो होंडाची शंभर सी.सी.ची गाडी बाजारात आली, आणि मध्यमवर्गाच्या दारातली स्कूटर हळूहळू मागे सरली.

दसऱ्याला शंभर सी.सी.ची गाडी दारात आली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, सगळे यथासांग झाले. महिनाभर मागे कुणाला बसवायचे नाही, असे मी बजावले होते. ते स्वारीने पाळले.

मग एका रविवारी ताईचा फोन आला. दोघे मोटारसायकलवरून अंबडच्या मत्स्योदरीला जाऊन आली होती. वाटेत दोनदा उतरावे लागले म्हणाली. मी घाबरून विचारले, "का ग?"

"मोसंबी घ्यायला," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा जास्त स्वस्त मिळाली."