उन्हाळ्यातला नाताळ आणि कविसमय

काही वर्षांपूर्वी एका डिसेंबरात आम्ही पतिपत्नी मेलबर्नला गेलो होतो. आमची धाकटी बहीण तिथे बरीच वर्षे राहते. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या अध्यापकांना परदेशवारी वारंवार घडत नाही. त्यामुळे तयारी यथासांग केली होती. परदेशातला नाताळ म्हटल्यावर बॅगेत चार स्वेटरही आपोआप गेले. विमानतळाबाहेर पाऊल टाकले आणि आमच्याकडच्या वैशाखासारखी झळ तोंडावर आली. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे आम्ही शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पाठ केले होते. पण पाठ केलेले ज्ञान आणि कल्पनेत रुजलेले चित्र यांच्या झटापटीत जिंकते ते चित्रच.

हे चित्र त्या देशातल्या लोकांनाही सोडत नाही, असे पुढच्या आठवड्यात दिसत गेले. दुकानांच्या काचांवर पांढऱ्या फवाऱ्याचा बर्फ, सूचिपर्णी झाडावर कापूस, आणि लोकरी झग्यात घामाघूम झालेला सांताक्लॉज. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मेलबर्नमध्ये मेणबत्त्या घेऊन सामुदायिक गीतगायन होते. नॉर्मन बँक्स या नभोवाणी निवेदकाने 1938 साली सुरू केलेली ही प्रथा. पण तिथे त्या दिवसांत सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमारास. म्हणजे मेणबत्त्यांच्या प्रकाशाला अंधाराची वाट पाहत ताटकळावे लागते. दुसऱ्या दिवशीच्या जेवणात कुणी इंग्लंडच्या रीतीने भट्टीत टर्की भाजतो आणि घर तापवून घेतो. शहाणे लोक गार कोळंबी, थंड हॅम आणि फळांनी सजवलेला पावलोवा यांवर भागवतात. उन्हाळा तिथे नुसता गमतीचाही नाही. 2015 सालच्या नाताळच्याच दिवशी व्हिक्टोरिया राज्याच्या किनाऱ्यावरील वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीक या वस्त्यांतली शंभराहून अधिक घरे वणव्यात जळून गेली. ज्या सणाच्या गाण्यांत बर्फ पडतो, त्याच सणाला माणसे आभाळात धूर तर दिसत नाही ना, हे पाहत असतात.

आमची भाची तेव्हा आठ वर्षांची होती. ती पुण्यातल्या आजीसाठी भेटकार्ड रंगवत बसली होती. कार्डावर समुद्र, अर्ध्या चड्डीतला सांताक्लॉज आणि त्याची गाडी ओढणारे दोन कांगारू. आम्ही सहज विचारले, "अगं, बर्फ राहिला की!" मान वर न करता ती म्हणाली, "मावशी, इथे नाताळला बर्फ कुठे असतो? मी पाहिलाच नाही, मग काढू कसा?" आम्ही तिचे तोंडभर कौतुक केले. अनुभवाशी प्रामाणिक राहणे म्हणजे काय, हे या पोरीला न शिकवता कळले, असे आम्ही रात्री जेवताना सगळ्यांना सांगितले. वर्गात वापरायचे शब्द आम्ही सुट्टीतही सोडत नाही.

त्या रात्री उकाड्याने झोप लागेना, आणि एक उत्तरपत्रिका आठवली.

2015 च्या दुष्काळातली गोष्ट. द्वितीय वर्षाच्या वर्गाला आम्ही बालकवींची 'श्रावणमास' शिकवली होती. अंतर्गत चाचणीत त्या कवितेतल्या निसर्गचित्रणावर दहा गुणांचा प्रश्न होता. एका मुलाने लिहिले होते की, या कवितेतला श्रावण मी फक्त पुस्तकात पाहिला आहे. आमच्या गावी श्रावणात टँकर येतो, आई घागरी घेऊन रांगेत उभी असते आणि बाबा आभाळाकडे बघत नाहीत. आम्ही त्याला दहापैकी तीन गुण दिले आणि लाल शाईने शेरा मारला : 'प्रश्न कवितेवर आहे, गावावर नाही.'

शेरा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, असे आम्ही बराच वेळ स्वतःला समजावत राहिलो. पण भाचीला ज्यासाठी शाबासकी दिली, त्याचसाठी त्या मुलाचे सात गुण कापले होते.

संस्कृत साहित्यशास्त्रात 'कविसमय' नावाची संकल्पना आहे. आपण ती परीक्षेपुरती शिकवतो : चकोर चांदणे पितो, नद्यांत कमळे फुलतात, इत्यादी. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त तिची केलेली उपपत्ती मात्र मोठी मार्मिक आहे. पूर्वसूरींनी देशांतरे, द्वीपांतरे हिंडून जे पाहिले ते लिहिले. पुढे देशकाल बदलला तरी कवी तसेच लिहीत राहिले, तो कविसमय. म्हणजे कविसमय हे असत्य नव्हे. ते दुसऱ्या ठिकाणचे, दुसऱ्या काळचे सत्य आहे. नाताळचा बर्फ हा असाच उत्तर युरोपचा कविसमय. लूककृत शुभवर्तमानात रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ आहेत, बर्फ नाही. महिनाही सांगितलेला नाही. आपण ज्या शब्दाने हा सण ओळखतो तो 'नाताळ' पोर्तुगीजांनी आणला, आणि त्याच पोर्तुगीजांपैकी वास्को द गामा 1497 च्या नाताळात आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या किनाऱ्यावरून जात होता, म्हणून त्या किनाऱ्याचे नाव 'नाताल' पडले. तिथेही तेव्हा उन्हाळाच होता.

कविसमयाचे करायचे काय, याचे एक उत्तर ऑस्ट्रेलियातच सापडते. 1948 साली जॉन व्हीलर यांची पदे आणि विल्यम जेम्स यांचे संगीत असलेली पाच नाताळगीते प्रसिद्ध झाली. त्यांत पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांच्या जागी गुरे हाकणारे तीन गुराखी आहेत, ब्रोल्गा नावाचे क्रौंच नाचतात, लाल धूळ उडते. सण तोच राहिला, ऋतू तेवढा स्वतःचा घेतला. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीत आणली, ती याच जातीची कृती होती.

पण म्हणून बर्फाची गाणी बंद पडली नाहीत. आमची भाचीही शाळेत ती मनापासून गाते. बहिणीला विचारले, तर ती हसून म्हणाली, "आणि मी काय करते? चाळीस अंशांत संक्रांत करते. तिळगूळ देताना हाताला चिकटतो. थंडीचं खाणं उन्हात खायचं. पण केला नाही तर जानेवारी आल्यासारखा वाटत नाही." न पाहिलेल्या बर्फाची आणि मागे राहिलेल्या थंडीची ओढ एकच नव्हे, दोन्ही खऱ्या मात्र आहेत. बालकवींचा श्रावण आम्ही अभ्यासक्रमातून काढा म्हणणार नाही. कोरड्या गावच्या मुलालाही त्या हिरव्या ओळींवर हक्क आहे. आमची चूक कविता शिकवण्यात नव्हती. तो श्रावण कुठला आणि तुझा कुठला, असे न विचारण्यात होती. त्या मुलाने नेमका हाच प्रश्न आम्हांला विचारला होता, आणि आम्ही तो विषयांतर ठरवला.

परत आल्यावर कपाटे पालथी घातली. जुन्या चाचण्यांचे गठ्ठे नियमाप्रमाणे रद्दीत गेले होते. आता आम्ही ती कविता शिकवली की चाचणीत दोन प्रश्न घालतो : एक कवितेतल्या श्रावणावर, दुसरा विद्यार्थ्याच्या श्रावणावर. दुसऱ्याची उत्तरे तपासायला वेळ लागतो. त्यांत टँकर येतात, जळालेले सोयाबीन येते, कधी एखाद्या वर्षी चिखलही येतो. गुण कसे द्यावेत, हे आम्हांला अजून नीट ठरवता आलेले नाही. त्या मुलाचे नाव आठवते. त्याने पुढे मराठी विषय सोडला, एवढेच आम्हांला कळले.