डाग दिसला, ओळख पटली नाही

गेल्या पावसाळ्यात आईचा खोकला हटेना, म्हणून तिला तालुक्याच्या गावी नेऊन छातीचा फोटो काढविला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागी पांढरा डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, "फादर, डाग दिसला एवढेच खरे. तो कशाचा, हे अजून कळावयाचे आहे. थुंकी तपासू. पूर्वीचा फोटो असेल तर शोधून आणा."

परंतु आम्ही घरी पोचतो न पोचतो तोच त्या डागाला क्षयाचे नाव मिळाले होते. शेजारणी उंबरठ्याबाहेरूनच विचारपूस करू लागल्या. वहिनीने आईचे ताट-तांब्या निराळे ठेवले. मी ते पाहिले आणि गप्प राहिलो.

त्या रात्री झोप येत नसे. सेमिनरीच्या दिवसांपासून मला ताऱ्यांची गोडी आहे, म्हणून एक पुस्तक घेऊन बसे. योगायोगाने त्यातील विषयही क्ष-किरणांचाच होता.

इस्पितळात यंत्राचे क्ष-किरण शरीरातून आरपार जाऊन आतल्या अवयवांची सावली पाडतात. आकाशात मात्र काही ज्योती स्वतःच क्ष-किरण फेकतात. ते पृथ्वीच्या हवेत शोषले जातात, म्हणून पाहावयाचे तर हवेच्या वर जावे लागते. १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जिआकोनी व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथून एक रॉकेट सोडले. चंद्रावरून क्ष-किरण येतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. जेमतेम सहा मिनिटांच्या पाहणीत ते आढळले वृश्चिक राशीच्या बाजूने! पण नेमक्या कोणत्या ताऱ्याचे? हे ठरावयास १९६६ साल उजाडले. तो तारा निघाला नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, मंद व निळसर.

हंस तारकासमूहातील दुसऱ्या एका ज्योतीची कथा अधिक बोधप्रद आहे. ती १९६४ साली सापडली. रात्री दूरच्या वाडीत दिवा दिसावा, पण तो कोणाच्या ओसरीवरचा हे कळू नये, तशी शास्त्रज्ञांची गत झाली. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातून 'उहुरू' नावाचा उपग्रह उडाला. त्याने पुढे ३३९ ज्योतींची यादी दिली. १९७१ साली हंसातील त्या ज्योतीचे क्ष-किरण एकाएकी बदलले, आणि त्याच सुमारास तेथून रेडिओ-लहरी येऊ लागल्या. एकाच घटनेला दोन साक्षी मिळाल्या. रेडिओ-दुर्बिणींनी नेमकी जागा दाखविली. तेथे होता एक प्रचंड निळा तारा, अदृश्य सोबत्यासह ५.६ दिवसांत एक फेरा पुरा करणारा. तो सोबती कृष्णविवर होय. २०२१ च्या मोजणीनुसार त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट आहे. ताऱ्याचा वायू त्याच्याकडे ओढला जाताना विलक्षण तापतो आणि क्ष-किरण फेकतो.

२३ जुलै १९९९ रोजी 'चंद्रा' दुर्बीण अवकाशात गेली. लाहोर येथे जन्मलेले शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव तिला दिले आहे. क्ष-किरण साध्या आरशात घुसून जातात, म्हणून तळ्यावर तिरपा फेकलेला चपटा दगड जसा उसळतो, तसे तिचे आरसे त्यांना अगदी तिरपे घेऊन वळवितात. दहा किलोमीटरांवरील नाणे जेवढे दिसेल, तेवढ्या बारीक जागेपर्यंत ती पोचते. तरीही आकाशातील पुष्कळ क्ष-किरण ज्योतींची ओळख आजही पटलेली नाही. तोवर यादीत त्यांच्या जागेचा आकडा लिहितात. नाव लावण्याची घाई करीत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात आईची थुंकी निर्दोष ठरली. जुन्या पत्र्याच्या पेटीत बारा वर्षांपूर्वीचा फोटो सापडला. त्यातही तोच डाग, त्याच जागी, तेवढाच! जुन्या, कधीच भरून आलेल्या जखमेचा तो व्रण होता. वहिनीने काही न बोलता आईचे ताट इतर ताटांत ठेवले.

मी आईजवळ बसून माझ्या मौनाबद्दल क्षमा मागितली. ती म्हणाली, "डॉक्टर थांबले रे बाळा. तुम्हालाच थांबवले नाही."

वाचकहो, दिसणे निराळे आणि ओळखणे निराळे. दूरच्या ताऱ्याला आपण जेवढा अवधी देतो, तेवढा तरी घरच्या माणसाला द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.