रणगाड्यांच्या नगरात

पुण्याहून एस.टी.ने निघालात की साधारण 120 किलोमीटरवर नगर येतं. 2024 पासून सरकारी कागदावर त्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण एस.टी.तले लोक अजून ‘नगर’च म्हणतात. नगरला बघण्यासारखं खूप आहे, बरं का! भुईकोट किल्ला आहे, जिथं पंडित नेहरू 1942 पासून कैदेत होते. डोंगरावरचा चांदबिबीचा महाल आहे. (खरं तर तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही, ती सलाबतखानाची कबर आहे. पण हे रिक्षावाल्याला सांगून उपयोग नाही!) माझ्याबरोबर होती दोन भाचरं, आठवीतला निनाद आणि सहावीतली जुई. त्यांना या कशातच रस नव्हता. त्यांना पाहायचे होते रणगाडे.

फराहबागेजवळ लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. रणगाडे चालवणाऱ्या जवानांना शिकवणारी आपल्या सैन्याची मोठी शाळा नगरलाच आहे. तिनंच 1994 साली हे संग्रहालय उभारलं. झाडांच्या सावलीत पन्नासेक चिलखती गाड्या ओळीनं उभ्या! सगळ्यांत जुनी आहे चिलखत चढवलेली रोल्स-रॉइस मोटार. राजेमहाराजांच्या मोटारीला तोफखान्याचा अंगरखा घातल्यासारखी दिसते. जपानी आहेत, ब्रिटिश आहेत, आपला ‘विजयंता’ही आहे.

रणगाड्याला इंग्रजीत ‘टँक’ का म्हणतात, ठाऊक आहे? पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ही गाडी गुपचूप बनवली, तेव्हा कामगारांना सांगितलं की या पाण्याच्या टाक्या आहेत. 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत या ‘टाक्या’ पहिल्यांदा चालून गेल्या आणि नाव तेच चिकटलं.

जुई थांबली ती अमेरिकन ‘पॅटन’पाशी. 40 टनांहून जड धूड! 1965 साली पाकिस्ताननं हेच रणगाडे पंजाबात घुसवले होते. तेव्हा असल उत्तर गावापाशी, उसाच्या शेतांत, आपले हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेली तोफ घेऊन त्यांच्यासमोर गेले. जीपला चिलखत कुठलं? दडून बसायचं, रणगाडा जवळ येऊ द्यायचा, गोळा मारायचा आणि लगेच जागा बदलायची. त्यांनी एकामागून एक पॅटन निकामी केले आणि 10 सप्टेंबरला स्वतः धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

‘‘मामा, दडून बसायचं ते शत्रूला दिसू नये म्हणून ना? मग लांबूनच का नाही मारायचं?’’ निनादनं विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. जगातल्या शास्त्रज्ञांनाही तोच पडला होता. त्यातून रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं आली. पहिली क्षेपणास्त्रं पतंगासारखी होती म्हणा ना! मागून बारीक तार सुटत जायची आणि जवान एका दांडीनं क्षेपणास्त्राला डावी-उजवीकडे वळवायचा. रशियन ‘माल्युत्का’ला 3 किलोमीटर जायला पंचवीसेक सेकंद लागत. तेवढा वेळ जवानानं नजर हलवायची नाही, हात थरथरू द्यायचा नाही, आणि समोरून गोळ्या येत असतात! तरी 1973 च्या युद्धात इजिप्तच्या जवानांनी हे करून दाखवलं.

पुढची पायरी म्हणजे ‘डागा आणि विसरा’. आपलं ‘नाग’ असंच आहे. 1983 मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली जी क्षेपणास्त्र योजना सुरू झाली, त्यातलं हे एक. नागाच्या तोंडाशी उष्णता ‘पाहणारा’ डोळा असतो. जवान पडद्यावर रणगाडा निवडतो, नाग त्याचं चित्र मनात धरतो आणि सुटल्यावर स्वतःच त्याचा माग काढतो. जवान लगेच आडोशाला जायला मोकळा! शिवाय नाग वर चढून टपावर झडप घालतो. का? जरा पॅटनकडे पाहा. समोरचा पत्रा उतरता आणि जाडजूड आहे, टप मात्र त्यामानानं पातळ. सगळीकडे जाड पोलाद लावलं तर रणगाडा हलायचाच नाही.

पण वाळवंटानं नागाला चांगलंच छळलं. राजस्थानच्या उन्हात दुपारी वाळू इतकी तापते की रणगाडा आणि वाळू यांत डोळ्याला फरकच कळेना! मग डोळा सुधारला, पुन्हापुन्हा चाचण्या झाल्या. शेवटची चाचणी पोखरणला 22 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी पावणेसातला पार पडली. योजना सुरू झाल्यापासून 37 वर्षांनी! चिकाटी म्हणतात ती ही.

नगरचाही यात वाटा आहे. शहराबाहेर खारे कर्जुने गावाकडे सैन्याचं सरावाचं मोठं मैदान आहे, ‘के. के. रेंज’. जवानाला खांद्यावरून नेता येईल असं हलकं ‘डागा आणि विसरा’ क्षेपणास्त्र सप्टेंबर 2018 मध्ये नगरलाच उडवून पाहिलं. 2020 मध्ये ‘अर्जुन’ रणगाड्यातून लेसरनं वाट दाखवलेलं क्षेपणास्त्रही याच मैदानावर डागलं. ते पुण्याच्या प्रयोगशाळांनी तयार केलं होतं. तिथं आपल्याला जाता येत नाही, आणि जायचंही नाही! न फुटलेले गोळे मातीत राहतात. भंगार वेचायला गेलेल्यांचे जीव गेले आहेत.

‘‘म्हणजे नाग स्वतः रणगाडा शोधत नाही. माणूस दाखवतो तो,’’ जुई म्हणाली.

बरोबर. पण स्वतः शोधणारंही एक आहे, ब्रिटनचं ‘ब्रिमस्टोन’. ते 2005 मध्ये त्यांच्या हवाई दलात आलं. वैमानिकाला लक्ष्य दिसायलाही नको. ‘अमुक भागात जा’ एवढं सांगून सोडायचं. त्याच्या तोंडाशी छोटं रडार असतं. ते खालच्या वस्तूंवरून परत येणाऱ्या लहरी तपासतं आणि चिलखती गाडीसारखं काही आढळलं तर तिच्यावर जातं. ठरलेल्या भागाच्या आधी काही दिसलं तर दुर्लक्ष करतं, म्हणजे वाटेतलं आपलं सैन्य वाचावं. काहीच सापडलं नाही तर स्वतःला नष्ट करतं.

‘‘आणि ट्रॅक्टर असला तर?’’ येताना आम्ही उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पाहिले होते, तेच तिच्या डोक्यात. ‘‘तापलेला, लोखंडी, मोठा. आणि वर माणसं बसलेली.’’

मी सांगितलं की रडारला आकार बराच ओळखता येतो. पण ‘बराच’ म्हणजे ‘नेहमीच’ नव्हे, हे तिनं लगेच पकडलं! ब्रिटिशांनाही तीच काळजी होती. अफगाणिस्तानात लढाई गावांच्या, रस्त्यांच्या शेजारी चाले. डागण्याआधी लक्ष्य माणसानं पाहिलंच पाहिजे, असा तिथं नियम होता. त्यामुळे शोधून मारण्याची ही करामत वापरताच येईना. मग 2008 च्या सुमारास ब्रिमस्टोनला लेसरचा दुसरा डोळा बसवला. आता वैमानिक लेसरचा ठिपका धरतो आणि क्षेपणास्त्र त्या ठिपक्यावर जातं. पैसे खर्चून यंत्राला शहाणं केलं, आणि पुन्हा खर्च करून त्याच्या शेजारी माणूस आणून बसवला!

असा माणूस कुठं असलाच पाहिजे, यावर जिनिव्हाला देशोदेशीचे प्रतिनिधी चर्चा करतात. 2017 साली त्यासाठी तज्ज्ञांचा गट बसला, तेव्हा अध्यक्षपदी होते भारताचे राजदूत अमनदीपसिंग गिल.

निनाद एव्हाना पॅटनच्या टपाकडे टाचा उंचावून बघत होता. जुई मात्र वही काढून माझ्यापुढे उभी राहिली. ‘‘मामा, जिनिव्हाचा पत्ता काय?’’